गरब्यातला गोळा

पुण्याची गाडी पहाटे बडोद्याला पोचली. रिक्षा काळा घोडा ओलांडून विश्वामित्रीच्या पुलावर आली, तेव्हा रिक्षावाल्याने "मगर जोवो छे?" म्हणून नदीकडे बोट दाखवलं. मगर बघण्याइतका मी जागा नव्हतो. कीर्तिमंदिर, कोठी मागे टाकून दांडिया बाजारात मावशीच्या दारात उतरलो.

दुसऱ्या दिवशी मला गांधीनगरजवळच्या भाट गावी जायचं होतं, प्लाझ्मा संशोधन संस्थेत. भारतात घडवलेला पहिला टोकामॅक, म्हणजे अणू जोडून ऊर्जा मिळवण्यासाठी वायू तापवून चुंबकांनी कोंडणारं यंत्र, 'आदित्य', तिथे 1989 साली सुरू झाला. एम.एस्सी.ला असताना मी त्याच्यातल्या तापलेल्या वायूच्या काठावरून टिपलेले संकेत महिनोन् महिने चाळले होते. मावशीचे यजमान, आमचे काका, निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. पोह्यांवर शेव भुरभुरवता भुरभुरवता त्यांनी गाठलंच. "एवढी चुंबकं लावून उष्णता कोंडता तुम्ही. मग ती बाहेर पडते कुठून?"

प्रश्न बरोबर होता. टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं पोकळ भांडं. आत तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा. त्यातले आयन आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत राहतात. एकमेकांवर आपटले तर गिरकीएवढं सरकतात, ते मिलिमीटरच्या घरात. या हिशेबाने उष्णता अगदी हळू झिरपायला हवी. प्रत्यक्षात ती कितीतरी पट वेगाने निसटते, कारण प्लाझ्मा खळबळतो. त्यात भोवरे उठतात आणि आतला गरम माल काठाकडे फेकतात.

"म्हणजे इन्सुलेशन फाटकं," काका म्हणाले. मावशीने "आधी खाऊन घ्या दोघं" असं बजावलं आणि विषय संध्याकाळवर गेला.

नवरात्रात मी इथे पहिल्यांदाच आलो होतो. बडोद्याचा गरबा म्हणजे मधोमध गाणारे, आणि त्यांच्याभोवती एकात एक वर्तुळं, हजारो माणसं अनवाणी. काका आणि मी कडेच्या पायऱ्यांवर बसलो. धाकटी मावसबहीण चार मैत्रिणींना घेऊन आत शिरली. पाचही जणी एकमेकींच्या ओढण्या धरून, पण चार वेगवेगळ्या ओळींत. आतली ओळ जोरात, बाहेरची रमत. दोन फेऱ्यांत पाचजणींचा घोळका ताणला गेला, लांबला, आणि तुटला.

मी काकांचा दंडच धरला. "हेच ते!"

1982 साली जर्मनीत म्युनिकजवळ गार्चिंगला 'आस्डेक्स' नावाच्या टोकामॅकवर फ्रिट्झ वॅग्नर आणि सहकारी प्लाझ्मा तापवत होते. तापवण्याची शक्ती एका हद्दीपलीकडे गेली आणि प्लाझ्मा अचानक शहाण्यासारखा वागू लागला. उष्णता साधारण दुप्पट वेळ टिकली. बदल घडला होता तो काठावरच्या जेमतेम काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात. तिथले शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या गतीने फिरतात, आणि त्या फरकाने भोवरे मोठे व्हायच्या आत चिरले जातात. आमच्या मावसबहिणीच्या घोळक्यासारखे. ओळख पटवून देणारं इतकं चांगलं उदाहरण मला वर्गात कुणी दिलं नव्हतं, याचा जरा रागच आला.

काकांना मात्र मैदानाच्या कडेला नाश्त्याच्या गाड्या दिसत होत्या. "बाहेर पडणारे बघ," ते म्हणाले. मी मोबाइलवर मोजायला लागलो. तीन-चार मिनिटं एखाद-दुसराच. मग एकदम पंधरा-वीस जण घोळक्याने सुटले, थेट सेवउसळीपाशी. पुन्हा सामसूम. सरासरी काढली असती तर हे कळलंच नसतं.

'आदित्य'च्या काठाचीही हीच तऱ्हा. तिथे बारीक टोकाचे लँगम्यूर प्रोब, म्हणजे प्लाझ्मातली वीज टिपणाऱ्या तारा, खुपसून मोजतात, कारण काठ तेवढा थंड असतो. थंड म्हणजे लाखभर अंश. त्याहून आत प्रोब टिकत नाही. प्रेधिमान काव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली दाखवलं की तिथली खळबळ एकसारखी नसते, ती थांबून थांबून उसळते. केवढी उसळी किती वेळा येते याचा आलेख घंटेसारखा सुबक येत नाही, मोठ्या उसळ्या अपेक्षेपेक्षा फार जास्त निघतात. दाट प्लाझ्माचे गोळे सुटतात आणि भिंतीकडे धावतात.

"त्यांनाही भूक लागते?" काका.

इथे उपमा संपते. गोळा भुकेने सुटत नाही. वड्याच्या बाहेरच्या अंगाला चुंबकीय क्षेत्र क्षीण असतं, रेषा वळलेल्या असतात, त्यामुळे गोळ्यातले आयन एका बाजूला आणि इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूला सरकतात. दोन्हींमध्ये विद्युतक्षेत्र तयार होतं आणि तेच गोळ्याला बाहेर ढकलतं. कुणी ओढत नाही, तो स्वतःच स्वतःला ढकलतो.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "फ्रान्समधल्या त्या मोठ्या यंत्राचा क्रायोस्टॅट आपल्या हजिऱ्यात घडला, माहितीये ना?" माहीत होतं. इटर, तिथे उभा राहत असलेला महाकाय टोकामॅक, आणि क्रायोस्टॅट म्हणजे त्याला बाहेरून वेढणारं पोलादी भांडं. इटरच्या पोटात पंधरा कोटी अंश साधायचे आहेत, आणि तेवढ्या उष्णतेचं काठावर काय करायचं हीच मोठी डोकेदुखी. पण काकांना क्रायोस्टॅटच्या वेल्डिंगबद्दल बोलायचं होतं. ते ऐकण्यासारखं होतं, ते पुन्हा कधीतरी.

बाराच्या सुमाराला ढोल चढला. बाहेरच्या ओळीतून पाच मुली एकदम सुटून आमच्याकडे धावत आल्या, तळपाय काळे, ओढण्यांचा पत्ता नाही.

"बघ, बघ, आला तुझा गोळा!" काका ओरडले.

"कुठेय गोळा?" मावसबहीण धापा टाकत म्हणाली. "बाबा, मला काला खट्टा."