आमची वाटचाल : स्लरीतील स्फुरद पुन्हा शेताकडे

बायोगॅस संयंत्रातून बाहेर पडणारी शेणस्लरी हा आमच्या लहानशा उद्योगाचा कच्चा माल आहे. संयंत्रात कार्बनचा काही भाग वायू होऊन जातो; नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश मात्र जवळजवळ सगळे स्लरीतच राहते. तरीही बहुतांश पाणीच असलेली स्लरी दूर नेणे परवडत नसल्यामुळे मोठ्या गोठ्यांभोवतीच्या त्याच त्या जमिनींवर ती वर्षानुवर्षे पडते. पिकाची नत्राची गरज भागेल इतकी स्लरी दिली, की स्फुरद गरजेपेक्षा जास्त होते, मातीत साठते आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-तळ्यांत जाऊन शेवाळ माजवते. एकीकडे हे, तर दुसरीकडे खाणीतून काढलेल्या फॉस्फेट खडकापासून बनलेले खत विकत घ्यायचे, ही विसंगती आम्हाला अस्वस्थ करत होती.

सुरुवात आम्ही स्लरी पिळून चोथा आणि द्रव वेगळे करणाऱ्या स्क्रू प्रेसपासून केली. चोथा वेगळा होऊ लागला, त्याला गिऱ्हाईकही मिळाले. पण स्फुरदाचा मोठा वाटा बारीक कणांबरोबर द्रवातच निसटत होता, म्हणून आम्ही स्ट्रुवाइटकडे वळलो. द्रवात मॅग्नेशिअम मिसळून सामू साडेआठ ते नऊच्या आसपास ठेवला, की मॅग्नेशिअम, अमोनिअम आणि फॉस्फेट यांचे खडे, म्हणजेच स्ट्रुवाइट, तयार होतात. कागदावर सोपी वाटणारी ही क्रिया गाईम्हशींच्या स्लरीत मात्र कस पाहते, कारण तिच्यातील बरेचसे स्फुरद कॅल्शिअमला बांधलेले असते. ते आम्लाने मोकळे करावे लागते आणि त्याबरोबर सुटलेल्या कॅल्शिअमला रोखले नाही, तर स्ट्रुवाइटऐवजी कॅल्शिअम फॉस्फेटच खाली बसते. आमचा सर्वाधिक वेळ आणि पैसा याच टप्प्यावर खर्च झाला, आणि तो योग्य ठिकाणी झाला असे मी मानतो.

शुद्ध स्ट्रुवाइटमध्ये वजनाने सुमारे 12.6 टक्के फॉस्फरस आणि 5.7 टक्के नत्र असते. ते पाण्यात फारसे विरघळत नसल्याने वाहून जात नाही आणि आम्लधर्मी जमिनीत चांगले लागू पडते. चुनखडीच्या जमिनीसाठी आम्ही त्याची शिफारस करत नाही, मागणी आली तरीही. उरलेल्या द्रवात पालाश आणि बराचसा नत्र शिल्लक राहतो, म्हणून तो तपासून जवळच्याच शेतांना, पिकाच्या गरजेनुसार ठरवलेल्या मात्रेत दिला जातो.