शिडीवरून उतरणारी मुलगी

लंडनमध्ये जुन्या कागदांच्या जतनाचे काम करताना अठराव्या शतकातील प्रणयप्रसंगांची छापील चित्रे माझ्याकडे वरचेवर येतात. परंतु गेल्या हिवाळ्यात एका संग्राहकाने आणलेल्या चित्राने मला दिवसभर टेबलापासून हलू दिले नाही. रात्रीच्या वेळी खिडकीला लावलेल्या शिडीवरून एक तरुणी उतरते आहे, खाली प्रियकर हात पुढे करून उभा आहे आणि पलीकडे घोडागाडी सज्ज आहे, असा तो प्रसंग. चित्र १७७०च्या सुमाराचे असावे, अशी त्या गृहस्थांची समजूत होती.

चौकटीचा पिवळा पडलेला पुठ्ठा सोडवल्यावर खालच्या समासात प्रकाशकाची ओळ उघडी पडली: बोल्स अँड कार्व्हर, ६९, सेंट पॉल्स चर्चयार्ड. कॅरिंग्टन बोल्स हा त्या पत्त्यावरचा नामांकित चित्रविक्रेता १७९३ मध्ये वारला आणि त्यानंतर दुकान या नव्या नावाने चालू लागले. म्हणजे ही प्रत त्यापूर्वीची असणे शक्यच नव्हते. भिंगाखाली मात्र त्याच ओळीत आधीच्या अक्षरांच्या पुसट खुणा दिसल्या आणि तारखेची जागा खरवडलेली आढळली, म्हणजे छपाईचा मूळ पत्रा जुनाच होता. चित्र जुने झाल्याचे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून हे विक्रेते तारीख सर्रास काढून टाकीत.

मग मी तिरप्या प्रकाशात चित्रातले आकाश पाहिले. हे चित्र मेझोटिंट या छपाईपद्धतीचे होते. तिच्यासाठी तांब्याचा सगळा पत्रा आधी दातेरी हत्याराने खडबडीत करतात, म्हणजे तो मखमलीसारखा काळा छापला जातो. जिथे उजेड हवा, तेवढा भाग खरवडून गुळगुळीत करतात. प्रत्येक प्रतीगणिक हा खडबडीतपणा दबत जातो. इथे रात्र इतकी झिजली होती की ती करड्या धुक्यासारखी उमटली होती, आणि तिला अंधार देण्यासाठी कोणीतरी घाईने निळसर काळा जलरंग फासला होता. शिडीच्या एका पायरीवर तर तो मुलीच्या पावलावरही ओघळला होता.

लोक हे चित्र पुन्हा पुन्हा का विकत घेत होते, याचे उत्तर मला १७५३ च्या हार्डविक कायद्यात दिसते. या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षांखालील मुलामुलींना परवान्यावर लग्न करायचे तर वडिलांची किंवा पालकांची संमती सक्तीची केली. स्कॉटलंडला तो लागू नव्हता. तिथे साक्षीदारांसमोर एकमेकांना वरल्याचे सांगितले तरी पुरे होई, म्हणून सीमेलगतचे ग्रेटना ग्रीन हे गाव पळून आलेल्या जोडप्यांसाठी प्रसिद्ध झाले. ज्या घरांत मुलीच्या लग्नाचा निर्णय वडील घेत, त्याच घरांच्या भिंतींवर ही शिडी लटकत असली पाहिजे, असे मला वाटते, आणि त्यामुळेच ही झिजलेली प्रत मला पहिल्या सुबक प्रतीहून मोलाची वाटते.

संग्राहक हिरमुसले, कारण उशिराच्या प्रतीला बाजारात भाव कमी. रंग पाण्यात विरघळणारा असल्याने मी चित्र धुतले नाही, कोरडेच स्वच्छ केले. नवी चौकट मात्र प्रकाशकाची ओळ पूर्ण दिसेल अशीच कापून दिली.