आमची वाटचाल : टचिंगच्या टेबलावरून

कराडच्या बाजारपेठेपासून जरा आत, पिठाच्या गिरणीच्या वर आमचा स्टुडिओ आहे. वडिलांच्या काळात धंदा तीन फोटोंवर चालायचा. एक ओळखपत्राचा, दुसरा स्थळाला दाखवायचा आणि तिसरा घरातलं माणूस गेल्यावर हार घालायचा. यातले शेवटचे दोन टचिंग, म्हणजे चेहऱ्यावरचे डाग-सुरकुत्या सावरण्याचं काम, झाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जात नसत, आणि वडिलांचा हात बसला होता तो टचिंगमध्येच.

निगेटिव्हवरचं टचिंग आता कुणी करत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. तिरक्या लाकडी डेस्कच्या मधोमध दुधी काच, खाली उजेड वर फेकणारा आरसा. निगेटिव्हवर आधी पातळ औषध चोळायचं, नाहीतर पेन्सिल धरत नाही. पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. सुरकुती किंवा देवीचा व्रण प्रिंटमध्ये काळपट दिसतो, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा विरळ असते. तिथे बारीक टिंबं भरत जायची. ती जागा आजूबाजूइतकी दाट झाली की प्रिंटमधला खड्डा गेला. कपाळावरची जास्तीची चमक मात्र ब्लेडच्या टोकाने खरवडायची, तीही श्वास रोखून. देवीचे व्रण असलेली माणसं तेव्हा गावोगाव होती, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. पुढे ३५ मिलिमीटरचा रोल आला, तो पेन्सिलीला लहान पडू लागला. रंगीत फोटोंनंतर तर डेस्क माळ्यावरच गेलं.

मी गल्ल्यावर बसू लागलो ते रंगीत लॅबचे दिवस. रोल लॅबला पाठवायचा, प्रिंट आणायच्या, पाकिटात घालून द्यायच्या. टचिंग जवळजवळ संपलंच होतं. ते परत आणलं कॉम्प्युटरने. २००२ साली फोटोशॉप ७ मध्ये हीलिंग ब्रश आला, आणि माझ्या मते आमच्या धंद्याला खरं वळण मिळालं ते तिथे. त्याआधी क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा तुकडा जसाच्या तसा चिकटवून, पुटकुळी काढली की गालावर ठिगळ दिसायचं. हीलिंग ब्रश कातडीचा पोत दुसरीकडून उचलतो, पण रंग आणि उजेड त्या जागेचाच ठेवतो.

आज कामाला येणाऱ्या मुलांना मी क्रम आधी शिकवतो, टूल नंतर. पहिलं रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फाइलमध्ये, व्हाइट बॅलन्स (पांढरं ते पांढरंच दिसेल असा रंग जुळवणं) आणि एक्स्पोजर (एकूण उजेड). लग्नात इथेच खरी परीक्षा. नवरीच्या अंगाला हळद, वर मांडवाचं लाल-पिवळं कापड. चेहरा बघून पिवळेपणा काढायला गेलात तर मुंडावळ्यांचे मोती निळे पडतात. म्हणून रंग मोत्यांवरून किंवा नवऱ्याच्या पांढऱ्या टोपीवरून जुळवायचा आणि हळद थोडी राहू द्यायची. हळदीच्या दिवशी ती दिसणारच की!

मग क्रॉप. त्यानंतर मूळ फोटोच्या थराला (लेयरला) हात न लावता, वरच्या कोऱ्या थरावर हीलिंग. इथे आमचा नियम एकच : पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढायचं, कायमचं आहे ते ठेवायचं. मुरुम जातो, तीळ राहतो. वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलकी करायची, पुसायची नाहीत. आजीच्या फोटोतल्या सुरकुत्या पुसल्या तर नातवंडंही ओळखत नाहीत.

त्यापुढे डॉज आणि बर्न, म्हणजे हवी तेवढीच जागा उजळ किंवा गडद करणं. कर्व्ह्जचे (उजेड कमी-जास्त करणारे) दोन थर, एक उजळ आणि एक गडद, दोन्हींचे मास्क काळे, म्हणजे परिणाम आधी झाकलेला, तो ब्रशने हवा तिथेच उघडायचा; ब्रशचा फ्लो, म्हणजे जोर, दोन-तीन टक्के. कातडीवरचे छोटे काळे-पांढरे चट्टे हळूहळू सपाट करत जायचं. वेळखाऊ आहे, पण पोत शाबूत राहतो. हे पेन्सिलीचंच काम. वडिलांनी माऊस कधी हातात धरला नाही, पण मी थर चालू-बंद करून दाखवला तेव्हा म्हणाले, "नाकाशेजारी जास्त भरलंस." भरलं होतंच. फ्रिक्वेन्सी सेपरेशन, म्हणजे पोत एका थरावर आणि रंग दुसऱ्यावर, आम्हीही वापरतो, पण घाईच्या अल्बमला. त्याने चेहरा फार लवकर मेणाचा होतो.

डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात यांचा फक्त पिवळेपणा कमी करायचा, चुन्यासारखे पांढरे करायचे नाहीत. नथीवरचा फ्लॅशचा भगभगीत ठिपका दाबायचा. लिक्विफाय, म्हणजे आकार ओढून-ढकलून बदलणारं टूल, फक्त ब्लाउजची चूण किंवा केसांचा फुगा बसवायला. शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, सगळ्यात शेवटी, छापायचा आकार ठरल्यावर. आणि दर थोड्या वेळाने फोटो पूर्ण दिसेल एवढा लहान करून बघायचा, कारण ३०० टक्क्यांवर बसलं की प्रत्येक छिद्र शत्रू वाटतं. पासपोर्टच्या फोटोला यातलं काही नाही. तिथे चेहरा आहे तसाच जातो.

सगळ्यात जास्त वाद होतो रंगावरून. "जरा उजळ करा की ओ, स्थळाला पाठवायचाय," असं मुलीची आई म्हणते तेव्हा मी उजेड वाढवतो, कातडीचा रंग बदलत नाही. तिच्यासमोरच फोटो आणि मुलगी शेजारी ठेवून दाखवतो. "काकू, पाव्हणे घरी येणारच आहेत ना?" म्हटलं की बहुतेक जणी हसतात. न हसणाऱ्या दुसऱ्या स्टुडिओत जातात, आणि ते गिऱ्हाईक आम्ही सोडून दिलंय.

हल्ली नवीनच पंचाईत झाली आहे. माणूस गेल्यावर घरचे मोबाइलमधला फोटो आणतात, तो ब्युटी मोडवर काढलेला. पोत फोननेच पुसलेला, मग परत आणणार कुठून? अशा वेळी आम्ही घरात जुना छापील फोटो शोधायला सांगतो. तो स्कॅन करून, ओरखडे काढून मोठा केला की कितीतरी बरा निघतो. हे काम इतकं वाढलंय की दिवाळीनंतर त्यासाठी वेगळा स्कॅनर घेतला आणि बायकोने ते टेबल पूर्ण आपल्याकडे घेतलं. लग्नसराईत अल्बम माझ्याकडे, जुने फोटो तिच्याकडे. जुन्या फोटोला आठवडा लागतो, आणि मूळ प्रत त्याच दिवशी स्कॅन करून परत देतो.