सख्खे भाऊ, दोन आडनावे

आज मॉन्ट्रियलमधल्या आमच्या शेजारीणबाईंनी आपली वंशावळ उलगडून दाखवली, तेव्हा दोन सख्ख्या भावांपुढे दोन निरनिराळी आडनावे पाहून मी थबकलो.

1665 मध्ये न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे आजच्या कॅनडातल्या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, आलेल्या कारिन्यां-सालिएर या फ्रेंच रेजिमेंटच्या सैनिकांना लाफ्लेर, जोलिकर अशी टोपणनावे असत. त्यांतले जे तिथेच जमीन कसू लागले, त्यांच्या आडनावाला हे टोपणनाव ‘दी’ (फ्रेंचमध्ये ‘ऊर्फ’) या शब्दाने जोडले गेले आणि पुढच्या पिढ्यांत एका मुलाने मूळ आडनाव ठेवले, तर दुसऱ्याने टोपणनावच आडनाव केले.

“पणजोबा हरवतात, पणजी मात्र सापडते,” असे बाई सहज म्हणाल्या, आणि ते वाक्य दिवसभर माझ्या मनातून गेले नाही. चर्चच्या नोंदवहीत लग्न, मुलांचा बाप्तिस्मा आणि दफन या सर्व ठिकाणी स्त्रीचे माहेरचे आडनाव लिहिण्याची तिथली पद्धत असल्यामुळे आईकडची शाखाही थेट सतराव्या शतकापर्यंत नेता येते. व्यवहारात मात्र त्याच स्त्रिया नवऱ्याच्या नावाने ओळखल्या जात. 1981 पासून क्वेबेकच्या, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या प्रांताच्या, कायद्याने लग्नानंतरही जन्मनावच कायम ठेवले आहे.

आपल्याकडे तर लग्नात तांदळाच्या ताटात मुलीचे पहिले नावदेखील बदलून लिहितात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजीचे माहेरचे नाव तुमच्यापैकी कोणी शोधून पाहिले आहे का?