दिवा गेला, पण गाडी सुधारली का?

आमच्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिन दिवा लागला आणि स्कॅनरवर कोड निघाला पी०४२०. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा भाग, नीट काम करत नाही, असा गाडीचा संशय. नवा कन्व्हर्टर घालायचा तर खर्च जबर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी मात्र आधी गाडीखाली जाऊन पाहिलं. एक्झॉस्टच्या जोडाचं गॅस्केट गेलं होतं. तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि कन्व्हर्टरमागचा ऑक्सिजन सेन्सर फसतो.

गॅस्केट बदलून त्यांनी कोड पुसला. "काका, दिवा मी घालवलाय, गाडीनं नव्हे. आता तिला स्वतः तपासू द्या." कोड पुसला की आधीच्या तपासण्यांचे निकालही पुसले जातात. पीयूसीवाल्याचा पाइप सायलेन्सरात जातो, त्याला यातलं काही दिसत नाही.

गाडी रात्रभर उभी ठेवली, कारण या तपासणीसाठी सुरुवातीला इंजिन पूर्ण थंड हवं. टाकी साधारण अर्धी. सकाळी सुरू करून थोडा वेळ तशीच चालू ठेवली आणि काकतीवरून हायवेला लागलो. वंटमुरी घाटात काही साधणार नव्हतं. गिअर, ब्रेक, ट्रक. खरं काम हत्तरगी टोलनाक्याच्या पुढे. टॉप गिअरमध्ये ८०चा वेग धरून बराच वेळ तसाच राहिलो. मागून हॉर्न वाजले, वाजू दिले. मग रस्ता मोकळा बघून अॅक्सिलरेटर सोडायचा, ब्रेकला पाय न लावता गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्यायची, पुन्हा वेग धरायचा. स्कॅनरचे आकडे दाखवणारा मोबाइल भाच्याच्या हातात. चालवणाऱ्यानं त्यात डोकं घालू नये.

पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या दरम्यान वरखाली नाचत होता, मागचा ०.७च्या आसपास जवळजवळ स्थिर. कन्व्हर्टर ठीक असेल तर असंच दिसतं. संकेश्वरच्या अलीकडे भाचा ओरडला, "मामा, कॅटॅलिस्ट पूर्ण झालं की!" म्हणजे गाडीनं कन्व्हर्टरची तपासणी पुरी केली.

तरी पेंडिंग कोड बघायला लावला. हा दोष पहिल्यांदा सापडला तर तो तिथे गुपचूप नोंदला जातो. सहसा लागोपाठ दुसऱ्या वेळी सापडला तरच दिवा लागतो. रकाना रिकामा होता. इव्हॅपची, म्हणजे पेट्रोलच्या वाफेची, तपासणी मात्र अपूर्णच राहिली. तिचे नखरे फार, तापमान आणि टाकी जुळल्याशिवाय ती सुरूच होत नाही. आमचा कोड तिचा नव्हता, म्हणून तिच्यासाठी आणखी पेट्रोल जाळलं नाही.