धिंगरीची वही: काडी मऊ पडली

काल संध्याकाळी धिंगरीची, म्हणजे ऑयस्टर अळंबीची, तिसरी पिशवी चिरली आणि आतली भाताची एक काडी काढून वाकवून पाहिली. २२ दिवसांपूर्वी पिशवी भरताना अशी काडी कडकन मोडत होती. काल ती ओल्या सुतळीसारखी लवली आणि चिमटीत ओढली तर तिचे पांढुरके धागे सुटे झाले. फोंड्याला आमच्या मागच्या पडवीत दोन वर्षं धिंगरी लावतोय, पण हे इतक्या जवळून या खेपेलाच पाहिलं.

धिंगरी आपली एन्झाइम (पचन घडवणारी प्रथिनं) बाहेर काडीवर सोडते आणि सुटलेली साखर तंतूंनी शोषते. जेवण आधी पचतं, मग आत जातं. पण ही साखर ज्यात बांधलेली असते ते काडीतलं सेल्युलोज उघड्यावर नसतं. त्याभोवती झायलनचं (दुसऱ्या एका साखरेच्या साखळ्यांचं) वेष्टन, त्यात लिग्निनचं, म्हणजे काडीला कडक करणाऱ्या द्रव्याचं, लिंपण. भात गवताच्या कुळातला, म्हणून झायलन आणि लिग्निन फेरुलिक आम्लाच्या टाक्यांनी शिवलेली असतात. फेरुलॉइल एस्टरेज हे टाके उसवतं, झायलनेज झायलनचा कणा तोडतं, लॅकेज आणि मँगनीज पेरॉक्सिडेज लिग्निन फोडतात.

मग सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांच्या सरळ माळा, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. एंडोग्लुकनेज माळ मधेच तोडतं. सेलोबायोहायड्रोलेज सुटं टोक पकडून दोन-दोन मण्यांची जोडी काढत पुढे सरकतं. ही जोडी म्हणजे सेलोबायोज. ती साचली की आधीचं काम मंदावतं, म्हणून बीटा-ग्लुकोसिडेज ती फोडून सुटं ग्लुकोज करतं. मला तर या तिसऱ्याचंच मोल जास्त वाटतं. माळा फारच घट्ट असतील तिथे तांबं बाळगणारी एलपीएमओ (लायटिक पॉलिसॅकराइड मोनोऑक्सिजनेज) एन्झाइम ऑक्सिडीकरणाने खाच पाडतात. त्यांची ही रीत २०१० साली उलगडली.

पहिल्या दोन पिशव्या मात्र गेल्या. पेंढा दीड तास खळखळ उकळला होता. इतक्या उकळीने काडीतली साखर सुटी होते, आणि ती आयती मिळाली की हिरवी बुरशी धिंगरीच्या पुढे धावते. आठव्या दिवशी हिरवे डाग दिसले: ट्रायकोडर्मा. तिला लिग्निन फारसं फोडता येत नाही, पण सेल्युलोजवर तिचा हात धरणं कठीण. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड खाणारी ट्रायकोडर्मा रीसाय हिच्याच गोतातली. आज कारखान्यांतलं बरंचसं सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारी एन्झाइम) तिच्याच वाणांकडून मिळतं. तिसऱ्या पिशवीपासून पाणी ७० ते ८० अंशांवर तासभर ठेवतो, उकळू देत नाही.

चौथी पिशवी फार दाबून भरली होती. मधला गोळा अजून तपकिरीच आहे. लिग्निन फोडायला हवा लागते, आणि तिथे ती पोचलीच नाही. भोकं वाढवली आहेत.

पाचव्या-सहाव्या पिशवीत कुळागरातल्या (बागायतीतल्या) पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची रुंद आवरणं, आहेत, बोटभर तुकडे करून. बरेच दिवस झाले, तुकड्यांच्या कडा पांढऱ्या झाल्यात, पण गाभा तसाच टणक. आई म्हणते, चवीला रोंयणीवरची (वारुळावर उगवणारी) अळमीच खरी. खरंच आहे, पण ती घरी लावता येत नाहीत!

पुढच्या खेपेला विऱ्या कुटून, रात्रभर भिजवून भरणार. कोणी विरीवर पीक घेतलं असेल तर तुकडे केवढे केले होते, ते जरूर कळवा.