जबाबदारी कोणाची, आणि कुलूप कशासाठी?

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णाला निवासी संस्थेत दाखल करताना नातेवाइकांपुढे कागदांचा जो गठ्ठा येतो, त्यात एक कलम हमखास असते: रुग्ण पडल्यास, त्याला इजा झाल्यास किंवा तो आवाराबाहेर निघून गेल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. माझ्या आत्यासाठी पुणे परिसरातल्या संस्था पाहत होतो तेव्हा हे वाक्य थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी वाचायला मिळाले. रुग्ण पडेल आणि रुग्ण निघून जाईल, या दोन धास्तींपोटीच तर माणसे आपल्या माणसाला तिथे ठेवतात. आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींतून संस्था आधीच हात झटकून मोकळी होते.

अर्थात एका सहीने सगळे संपते असे नाही. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते आणि २०१९ च्या कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना आणून एकतर्फी अटींविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची सोयही केली आहे. पण मला इथे कोर्टकचेरीबद्दल लिहायचे नाही. या कलमामागे जी परस्पर भीती आहे, तिची किंमत रुग्ण कशी मोजतो, ते सांगायचे आहे.

आई पडली म्हणून मुलगा येऊन काउंटरवर आवाज चढवतो, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आई खुर्चीला ओढणीने बांधलेली असते. वरवर पाहता सगळे सुरक्षित झालेले असते. प्रत्यक्षात बांधून ठेवलेल्या माणसाच्या पायांतली ताकद जाते, पाठीला जखमा होतात, सुटण्याची धडपड वाढते, आणि जेव्हा केव्हा त्याला सोडले जाते तेव्हा तो आधीपेक्षा लवकर पडतो. पलंगाच्या कठड्याचेही तसेच. तो ओलांडून पडणारा माणूस अधिक उंचीवरून पडतो. ओढणी नको म्हणून गोळी दिली जाते, तेव्हा तर बंधन दिसतही नाही. डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांना अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रम-भासांसारख्या लक्षणांवरची, औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटातील नव्या औषधांबाबत २००५ साली आणि जुन्या औषधांबाबत २००८ साली दिला होता. ही औषधे कधीच देऊ नयेत असे नाही, पण ती कोणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली आहेत, हे विचारण्याचा नातेवाइकांना पुरता अधिकार आहे.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. स्मृती आणि दिशाभान यांतला गंभीर बिघाड त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत येतो. तात्काळ धोका टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने आणि आवश्यक तेवढ्याच वेळेपुरते बांधता येते. रुग्णाच्या प्रतिनिधीला ते चोवीस तासांत कळवावे लागते. आणि केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणावरून बांधता येत नाही. यातली शेवटची तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण बांधण्याचे खरे कारण बहुतेक वेळा तेच असते. अडचण अशी की वृद्धाश्रम म्हणून चालणाऱ्या संस्था स्वतःला या कायद्याखाली येणारी मानसिक आरोग्य आस्थापना मानतातच असे नाही. देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, हे लक्षात घेता ही फट लहान नाही.

मनुष्यबळ म्हणजे काय, ते दिवेलागणीला कळते. त्या वेळी अनेक रुग्ण अस्वस्थ होतात. आत्या उठून दाराशी जायची आणि ‘म्हशी यायची वेळ झाली, मला घरी जाऊ दे’ म्हणायची. तिथल्या एक मावशी तिला ‘म्हशी नाहीत, हेच तुमचं घर’ असे कधी सांगत नसत. ‘चला आजी, बघून येऊ’ म्हणत त्या तिला आवारात फेरी मारून आणत आणि मग तिच्यापुढे मेथीची जुडी ठेवत. आत्या मन लावून भाजी निवडत बसे. यात औषध नाही, कुलूपही नाही, पण एका माणसाचा पुरा अर्धा तास आहे, आणि तो अर्धा तास मासिक शुल्कात धरलेला असावा लागतो. रात्री याच्या उलट चित्र असते. रुग्ण लघवीला उठतो, दिवा कुठे ते आठवत नाही, बाथरूमची फरशी ओली असते आणि सगळ्या मजल्याला एकच आया असते. मी ज्या ज्या ठिकाणी गेलो तिथे सीसीटीव्ही कौतुकाने दाखवले गेले, पण पडत्या माणसाला कॅमेरा हात देत नाही.

जबाबदारीला मर्यादा हवी, हेही मला मान्य आहे. जपानमधल्या आइची प्रांतात २००७ साली डिमेन्शिया असलेले ९१ वर्षांचे एक गृहस्थ, ८५ वर्षांच्या पत्नीचा डोळा लागला तेवढ्यात घराबाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडून मरण पावले. रेल्वे कंपनीने कुटुंबाकडे सुमारे ७२ लाख येनची भरपाई मागितली. पहिल्या न्यायालयाने पत्नी आणि थोरला मुलगा यांना जबाबदार धरले, दुसऱ्याने फक्त पत्नीला, तेही जवळपास निम्म्या रकमेपुरते; अखेर २०१६ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले. केवळ पत्नी किंवा मुलगा आहे म्हणून जबाबदारी येत नाही, प्रत्यक्षात देखरेख करणे शक्य होते का हे पाहावे लागते, असे त्या निकालाचे सूत्र होते. आपल्या संस्थांनाही हाच न्याय लावला पाहिजे: पडणे पूर्णपणे थांबवता येत नाही, पण ओली फरशी, बंद दिवा आणि रिकामी ड्युटी यांचा जाब विचारता येतो. आम्ही संस्थेशी बोलून तसे लेखी ठरवले. आत्या चालती राहावी म्हणून पडण्याचा धोका आम्ही पत्करला. विचारल्याशिवाय बांधणार नाही, नवी गोळी सुरू करणार नाही आणि काही घडल्यास रात्री-अपरात्री फोन करू, हे त्यांनी पत्करले.

सर्वांत कमी बोलले जाते ते बारा-बारा तास राबणाऱ्या आयांबद्दल. रुग्ण पडला की ठपका तिच्यावर येतो, कधी पगारही कापला जातो, आणि मग पुढच्या वेळी ती पडल्याचे सांगतच नाही. रुग्णाला सांगता येत नाही. मांडीवरचा काळानिळा डाग चार दिवसांनी कोणाला तरी दिसतो आणि खुब्याचे हाड मोडलेले असेल तर ते चार दिवस फार महागात पडतात. म्हणून संस्था पाहायला जाणाऱ्यांना मी पडझडीच्या नोंदींची वही आधी मागायला सांगतो. पंचवीस-तीस रुग्ण असताना वर्षभरात एकही नोंद नसेल, तर तिथे कोणी पडत नाही असा अर्थ मी काढत नाही. आत्या जिथे आहे तिथल्या वहीत तिच्या नावाच्याही नोंदी आहेत. वेळ, जागा, पायात चप्पल होती की नाही, ड्युटीवर कोण होते, डॉक्टरांना किती वाजता कळवले, हे सारे त्यात लिहिलेले आहे आणि खाली त्या आयाची सही आहे.